दोन ठोके म्हणजे काट

१

आमच्या घरात रोज दुपारी तीन ते पाच या वेळात माणसं मरायची. कुणी विहिरीत, कुणी लिफ्टमध्ये, कुणी स्वतःच्याच आरशासमोर. मी जेवणाच्या टेबलावर बसून त्यांना मारत असे, आणि माझा नवरा, दातांचा डॉक्टर सफवत गम्माल, पलीकडच्या खोलीत पितळी पलंगावर आडवा होऊन ऐकत असे.

मध्ये दुधी काचेचं दार. पान लिहून झालं की मी ते मोठ्यानं वाचायचे आणि थांबायचे. मग पलीकडून त्याची अंगठी पलंगाच्या दांडीवर वाजायची. एक ठोका म्हणजे ठीक, पुढे चल. दोन ठोके म्हणजे काट. जेवल्यावर तोंड उघडायचे कष्ट तो घेत नसे.

ही सवय दवाखान्यातली. आरशाच्या दांड्यानं तो एकेका दातावर टकटक करत जायचा. दुखतं? इथं दुखतं? आणि पेशंट कळवळला की समाधानानं म्हणायचा, "सापडलं."

अशा रीतीनं सव्वीस वर्षांत एक्केचाळीस कादंबऱ्या झाल्या. ‘आठवं दार’ मालिका. खिशात मावणारी पुस्तकं, हलका कागद, मुखपृष्ठावर हमखास एक किंचाळणारी बाई. अलेक्झांड्रियाच्या ट्रामथांब्यापासून पार अस्वानपर्यंत पेपरवाल्यांकडे दोरीला टांगलेली असायची. शाळकरी पोरं ती भूगोलाच्या पुस्तकात लपवून वाचायची. आणि प्रत्येकावर नाव असायचं डॉ. सफवत गम्माल.

पहिल्या वेळी प्रकाशक म्हणाला होता, बाईच्या हातचं भूत कोण विकत घेणार? सफवत म्हणाला, "माझं नाव लावू. तात्पुरतं." दहाव्या पुस्तकापर्यंत तो पाहुण्यांना सांगायला लागला की दाढ काढताना त्याला कल्पना सुचतात. पाहुणे माना डोलवायचे. मी त्यांना कॉफी द्यायचे आणि आत जाऊन बशी जरा जोरात आपटायचे. माझं बंड तेवढंच होतं, याची मला आजही लाज वाटते.

२

ऑक्टोबरच्या सुरुवातीला तो गेला. दवाखान्यात, भर सकाळी, हातात आरसा धरून. पेशंट बिचारा आ वासून पंधरा मिनिटं बसून होता. अंघोळ घालणाऱ्यांनी साबण लावून त्याची जाड चांदीची अंगठी काढली आणि माझ्या नणंदेच्या हातात दिली. तिनं ती मला दिली. मी ती बिस्किटांच्या जुन्या डब्यात, सुया-दोऱ्यांत टाकली.

चाळिसाव्या दिवशी घरात कुराणपठण झालं. आदल्या दिवशी कबरीवर मृताच्या नावानं वाटायला शुरेकचे पाव भाजले होते, त्यांचा वास पडद्यांत अडकून राहिला होता. लोक गेले. उरली ती नणंद, खालच्या मजल्यावरची इन्शिराह, जिला सगळे मानानं आबला, म्हणजे थोरली ताई, म्हणत, आणि प्रकाशक वहीद. हा त्या जुन्या प्रकाशकाचा मुलगा. बापासारखाच, फक्त केस जास्त.

"मादाम बहीजा," वहीद म्हणाला, "वेळ नाही ही, पण विचारतो. डॉक्टरांनी मागे काही ठेवलंय का? एखादं हस्तलिखित?"

"आहे एक. बेचाळिसावं."

"अल्लाची कृपा! शेवटची कादंबरी! फोटो टाकू काळ्या चौकटीत..."

"फोटो माझा टाका. कादंबरी माझी आहे. नावही माझं लागेल."

तो हसला. मग माझ्याकडे बघून हसायचा थांबला. त्याला सगळं ठाऊक होतं. बापाच्या दुकानात माझ्याच अक्षरातली पानं लावत तो लहानाचा मोठा झाला होता.

"मादाम, तुमच्याबद्दल आदर आहे. पण लोकांना डॉक्टर हवेत. बाईच्या नावाला कोण घाबरतं?"

"माझ्या नवऱ्याला विचारा. सव्वीस वर्षं तोच तर घाबरत होता."

आबलाच्या हातातली तस्बीहची माळ थांबली. "जीभ आवर, बहीजा! माती सुकली नाही त्याची अजून. जिवंतपणी काही बोलली नाहीस, आता मेलेल्याचं नाव ओरबाडतेस?"

"आबला, त्याचं नाव त्याच्या दवाखान्याच्या पाटीवर आहे. राहू दे की तिथं. मी काय मागतेय? माझं मला."

वहीदनं घाम पुसला. शेवटी म्हणाला, "हे बघा. गुरुवारी चार वाजता येतो. पहिल्या पानावर तुमच्या हातानं जे नाव लिहिलेलं असेल ते छापतो. डॉक्टरांचं असेल तर सगळ्या एक्केचाळीस पुस्तकांची नवी आवृत्ती त्याच नावानं निघेल. तुमचं असेल तर मग खरं काय ते मला सगळीकडेच छापावं लागेल. पण एकदा ठरलं की ठरलं. नंतर मला मागे फिरायला सांगू नका."

"नाही सांगणार," मी म्हणाले.

३

ते बेचाळिसावं हस्तलिखित एका बुटाच्या खोक्यात होतं. सव्वीस वर्षांत दोन ठोके पडलेली सगळी पानं मी त्यात ठेवत गेले होते. टाकवली नाहीत, एवढंच. एकेका पुस्तकातून उपटलेली पानं. पण त्याच्या मृत्यूनंतर एक दिवस ती सलग वाचली आणि त्या रात्री दिवा लावूनच झोपले. ती एकच गोष्ट होती. एक बाई, एक घर, आणि घरात कुणीतरी जो कधी दिसत नाही, पण ज्याला विचारल्याशिवाय बाई खिडकीसुद्धा उघडत नाही. माझ्या एक्केचाळीस पुस्तकांतली भुतं याच्यापुढे अगदीच गरीब होती. सफवतनं बरोब्बर जिथं दुखतं तिथंच काट मारली होती.

रविवारी तीन वाजता मी टेबलावर बसले. पानं जुळवायची, सांधे लिहायचे, चार दिवसांचं काम. बाहेर ट्राम गेली. पहिलं पान मी मोठ्यानं वाचलं. घरात ऐकायला कुणी नव्हतं, पण माझं वाक्य मला कानानंच कळतं, त्याला काय करणार. वाचून, सवयीनं, थांबले.

टक. टक.

मी लाल पेन्सिल उचलली आणि शेवटच्या ओळीवर रेघ ओढली. अर्धी ओळ काटून झाल्यावर माझा हात थांबला.

दाराच्या दुधी काचेपलीकडे पलंगाची पितळी दांडी पिवळसर दिसत होती. बाकी काही नाही. मी उठून दार उघडलं. पलंग रिकामा, चादर ताणलेली, खिडकीची झडप लावलेली. दांडीला हात लावला. ती किंचित थरथरत होती, इतकी किंचित की तो थरकाप माझ्या बोटांचाही असू शकेल.

४

मी भुतं लिहिणारी बाई आहे. त्यामुळे भुतांवर माझा विश्वास नाही. हलवायाला मिठाईचं जसं कौतुक नसतं, तसंच. सोमवारी मी पद्धतशीर कामाला लागले. नळ बंद केले. वरच्या मजल्यावर जाऊन पाहिलं तर कुलूप, मंडळी ताँता शहरात लेकीकडे गेलेली. ट्राम येऊन जाईपर्यंत थांबले. मग वर्तमानपत्रातली कांद्याच्या भावाची बातमी मोठ्यानं वाचली. काही नाही. भेंडीच्या भाजीची कृती वाचली. काही नाही.

मग जुन्या, सातव्या कादंबरीतलं एक पान वाचलं, त्यानं तेव्हा पसंत केलेलं.

टक.

खोक्यातलं पान वाचलं.

टक. टक.

चांदीचा पितळेवर येणारा आवाज मी सव्वीस वर्षं ऐकलेला. तो चुकणं शक्य नव्हतं. मी बिस्किटांचा डबा उघडला. अंगठी आत होती. काळ्या दोऱ्याच्या रिळाला टेकून, जशी ठेवली तशी.

तेवढ्यात दार वाजलं. खरं दार. आबला वाडगाभर मसुराचं सार घेऊन आली होती. माझा चेहरा बघून म्हणाली, "काय झालं गं? जेवलीस का?"

"आबला, बसा जरा. ऐका." मी तिला काही सांगितलं नाही. एक पान वाचलं, खोक्यातलं, आणि थांबले.

टक. टक.

ती घाबरेल अशी माझी कल्पना होती. मला, खरं सांगायचं तर, तिनं घाबरायला हवं होतं. कुणीतरी सोबतीला मिळालं असतं. पण आबलाच्या चेहऱ्यावर हळूहळू हसू पसरलं आणि डोळे भरून आले.

"सफवत," ती दाराकडे बघून मायेनं म्हणाली. मग माझ्याकडे वळली. "ऐकलंस? नको म्हणतोय तो. साधी गोष्ट आहे, पोरी. त्याचं नाव लाव, गप्प बसेल. तुझ्याकडे दुसरं काय मागितलंय त्यानं कधी?"

"बाकी सगळं आधीच घेतलं होतं ना."

"अगं, घरात पुरुषाचा आवाज असलेला बरा," ती म्हणाली आणि सार झाकून ठेवून निघून गेली. जाताना तिनं त्या दाराच्या काचेवरून, तान्ह्या मुलाच्या गालावरून फिरवावा तसा हात फिरवला.

त्या क्षणापर्यंत मला भीती वाटत होती. आबला गेल्यावर मला राग आला. आणि एक सांगते, राग हा माणसाला फार सोबत करतो. मी सार प्यायले आणि पुढचं पान घेतलं.

५

मंगळवारी प्रत्येक पानाला दोन ठोके पडले आणि मी एकही ओळ काटली नाही. चौदा पानं. हात लाल पेन्सिलीकडे जायचा, मी तो मांडीखाली दाबून बसायचे. शेवटी पेन्सिलच खिडकीतून फेकून दिली.

बुधवारी वादळ आलं. आमच्याकडे हिवाळ्यातल्या प्रत्येक वादळाला नाव असतं. हे पहिलं, झाडू. समुद्राकडून येतं आणि रस्ते झाडून नेतं. दुपारी तीनलाच अंधारून आलं, मी दिवा लावला. झडपा दडदडत होत्या. अशा गोंगाटात ठोके ऐकू येणार नाहीत, या विचारानं मला बरं वाटत होतं.

पान वाचलं. थांबले.

आवाज पलंगावरून आला नाही. दाराच्या काचेवर आला. माझ्यापासून चार हातांवर.

मी बसून राहिले. पुढचं पान वाचलं. पुन्हा काचेवर दोन ठोके, जरा जोरात. पेशंटनं उत्तर दिलं नाही की तो असाच जरा जोरात मारायचा.

मग मी एक गोष्ट केली. डबा उघडला, अंगठी काढली आणि स्वतःच्या अंगठ्यात घातली. दुसऱ्या कुठल्या बोटात ती राहतच नव्हती. "आता मार," मी म्हणाले. "कशानं मारतोस बघू."

बराच वेळ काही झालं नाही. वारा पडल्यासारखा झाला. मग काचेवर दोन ठोके आले, आणि आवाज बदललेला होता. धातूचा नव्हता. कोरडा, बारीक, पोकळ. त्यानं मारायला दुसरं काय उरलं असेल, हा विचार मी अर्ध्यावर सोडला.

तेव्हाच मला ते दिसलं. दुधी काचेला पलीकडून टेकलेलं एक बोट. फक्त तेवढाच भाग, काचेला चिकटल्यामुळे स्पष्ट झालेला. करडं. आणि मुळाशी, अंगठी सव्वीस वर्षं होती तिथं, एक फिकट पांढरा पट्टा. बोट काचेवरून हळूच खाली सरकलं, दाराच्या मुठीच्या दिशेनं.

मी किंचाळले नाही. माझ्या मुखपृष्ठांवरच्या बायका किंचाळतात. त्या चित्रकारानं काढलेल्या आहेत.

"दार उघडं आहे, सफवत," मी म्हणाले. "इतकी वर्षं उघडंच होतं. तू कधी उठून आला नाहीस. एकदासुद्धा येऊन बघितलं नाहीस मी कशी लिहिते ते."

मूठ फिरली नाही. पुढचं पान वाचलं तेव्हा ठोके टेबलाच्या खालून आले. बरोबर माझ्या तळहाताखाली, फळीच्या पलीकडून.

६

गुरुवारी एकच पान उरलं होतं, नावाचं. पहिलं.

मी कोरा कागद घेतला. वर कादंबरीचं नाव लिहिलं, ‘विचारून उघड’. त्याखाली ‘लेखिका’, आणि त्याखाली माझं नाव. बहीजा अल-अत्तार, माझ्या बापाचं आडनाव, जे शाळेच्या दाखल्यानंतर मी कुठंच लिहिलं नव्हतं. हात इतका अवघडला होता की अक्षर पहिलीतल्या पोरीसारखं आलं. मग मी ते मोठ्यानं वाचायला तोंड उघडलं.

ठोका पलंगावर आला नाही, काचेवर नाही, टेबलाखालीही नाही. तो माझ्या तोंडात आला. डावीकडची खालची दाढ, मागून दुसरी, लग्नाच्या पहिल्या वर्षी त्यानंच भरलेली.

टक. टक.

कळ थेट मस्तकात गेली. जबडा आपोआप मिटला, जीभ दातांत सापडली, तोंडात रक्ताची चव आली. मी पुन्हा उघडलं. "बही..." टक टक. पुन्हा. "बहीजा अ..." टक टक. माझ्याच तोंडात माझं नाव मला बोलता येत नव्हतं. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि त्या पाण्यातही मला एक फार जुनी इच्छा होत होती, ती सांगायला हवी. मान हलवावी. बरं म्हणावं. त्याचं नाव लिहावं, म्हणजे हे थांबेल आणि संध्याकाळची कॉफी निवांत पिता येईल. सव्वीस वर्षं मी हेच तर करत आले होते.

मी अंगठीचा हात वर घेतला आणि टेबलावर दोनदा मारला. सगळ्या ताकदीनं.

"काट," मी म्हणाले. "तुलाच."

दार वाजलं. वहीद आणि त्याच्या मागे आबला. चार वाजले होते.

७

आबला सरळ त्या काचेच्या दाराशी जाऊन उभी राहिली. वहीदनं चष्मा लावला, गठ्ठा पुढे ओढला आणि वरचं पान बघून भुवई उंचावली.

"मादाम, हे काय? नाव लिहिलंय की काटलंय?"

माझ्या नावावर लाल रेघ होती. आडवी, सरळ, पट्टीनं मारावी तशी. लाल पेन्सिल तर मंगळवारीच रस्त्यावर गेली होती आणि काल झाडूनं रस्ता धुऊन नेला होता.

"कुणी काटलं?" वहीदनं विचारलं.

"संपादकानं," मी म्हणाले. "त्याला कामावरून काढलंय." आणि शाईचं पेन घेऊन रेघेच्या वर, दुप्पट मोठ्या अक्षरांत, नाव पुन्हा लिहिलं.

"वाच बघू मोठ्यानं," आबला दाराजवळून म्हणाली. तिच्या आवाजात खात्री होती. "आमच्या समोर वाच. बघू तो काय म्हणतो."

मी उभी राहिले. "विचारून उघड. लेखिका, बहीजा अल-अत्तार."

आबला काचेला कान लावून थांबली. वहीद उगाच छताकडे बघत होता. घरात कसलाही आवाज झाला नाही. ट्राम आली, गेली. आबलाचा चेहरा हळूहळू पडत गेला, आणि खरं सांगते, त्या वेळी मला तिची दया आली.

"गेला का गं तो?" तिनं बारीक आवाजात विचारलं.

मला तोंड घट्ट मिटून धरावं लागलं होतं. आत, डावीकडच्या दाढेवर, दोन-दोन ठोके एकसारखे पडत होते आणि ते माझ्याशिवाय कुणालाही ऐकू येत नव्हते.

वहीदनं पानं पिशवीत भरली. दारात वळून म्हणाला, "शब्द दिलाय, तेच छापतो. पण मादाम, गोष्टीचं पहिलं पान वाचलं आत्ता, उभ्या उभ्या. अंगावर काटा आला हो. हे डॉक्टरांनी लिहिलेलं वाटत नाही."

"नाहीच वाटणार," मी म्हणाले.

लोक मला दाढ काढून टाक म्हणतील. शहरात दातांचे डॉक्टर पुष्कळ आहेत. मी विचार केला आणि नाही म्हटलं. शुक्रवारी नमाजाची गर्दी पांगली, रस्ता शांत झाला, आणि तीन वाजता मी टेबलावर नवा कागद घेतला. त्रेचाळिसावी. एक पान लिहिलं, बरं जमलं होतं, मोठ्यानं वाचलं. दाढ गप्प होती. मग त्या पानाच्या शेवटी मला एक ओळ सुचली, जी लिहायची मला स्वतःलाच हिंमत होत नव्हती. लिहिली. वाचली. थांबले.

टक. टक.

कळ कानशिलापर्यंत गेली. मी गाल हातात धरला, डोळे पुसले.

"सापडलं," म्हणाले, आणि ती ओळ ठेवली.